काशीला विचार

शहापूर, ११ डिसेंबर

काशी,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं. दिसेलच तुला. नुसतं नाव ठेवलं आहे.

फोन लावून पाहिला. तुमच्या वाडीत, सिद्धगडाच्या पायथ्याशी, रेंज नसते हे ठाऊक आहे. पण तू बाजाराला मुरबाडला येतेस तेव्हाही तो बंद असतो, म्हणजे तूच बंद ठेवला असणार. म्हणून हे पत्र नथूच्या जीपमधून पाठवते आहे. तो तुझ्या वडिलांना ओळखतो. महादूबाबांच्या हातात दे, असं त्याला सांगितलं आहे.

मनस्वी बरी आहे. शाळेत जाते. आजीकडून वेणी घालून घेत नाही, आजी केस ओढते म्हणते. रविवारी मी किन्हवलीला घरी गेले तेव्हा दोन वेण्या घालून दिल्या, तर म्हणाली, “आई सैल नाय बांधत आनि घट्ट पन नाय.” तुझ्यासारखं मला जमलं नाही.

आता मुख्य गोष्ट. भगीरथला गोळ्यांचं कसं कळलं यावरून तू माझ्यावर रागावून माहेरी गेलीस, असं आई म्हणाली. काशी, मी काही मुद्दाम सांगितलं नाही. तो विचारत होता की तुझ्या ऑपरेशनसाठी कंपनीत रजा टाकू का. मी म्हटलं, रजा नको, ऑपरेशनच नको. मग का नको, हे सांगावं लागलं. बोलण्याच्या ओघात पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं निघालं. मला वाटलं, नवराबायकोत एवढं ठाऊक असेलच.

तुझा तपासणीचा रिपोर्ट जानेवारीत येईल. तो घ्यायला तुला स्वतः यायचं आहे, तसं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते विसरू नकोस. बाकी राग काढायचा तेवढा माझ्यावर काढ.

तुझी नणंद,
ताई


शहापूर, १७ डिसेंबर

काशी,

तुझा निरोप मिळाला. नथूने स्टँडसमोर जीप थांबवली आणि भर रस्त्यात ओरडून दिला: “ओ ताई! काशी बोलली, शहापुरात डिंक मिलत नाय का?”

जीपमधली माणसं हसली. मीही हसले, कारण मला काही कळलं नव्हतं. मग नथू खाली उतरला आणि हळू आवाजात बोलला. मी पत्र नुसतं घडी घालून दिलं होतं. महादूबाबांना अक्षरं लागत नाहीत, म्हणून त्यांनी ते ओट्यावर बसून पुतण्याकडून वाचून घेतलं. मोठ्याने. भिमीआत्या होती, शेजारची दोन माणसं होती. “मी नाय वाचला हां ताई,” नथू म्हणाला. “मी आइकला फक्त.”

म्हणजे तुझी एकच गोष्ट मी दोनदा फोडली. एकदा सासरी, एकदा माहेरी. ग्रंथालयात नोकरी करते मी, पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घालते, आणि एका पत्राला पाकीट घालायचं सुचलं नाही.

हे पत्र पाकिटात आहे, पोस्टाने पाठवते आहे आणि वर फक्त तुझं नाव आहे. त्यामुळे आता खरं लिहिते.

मागच्या पत्रात ‘ओघात निघालं’ असं मी लिहिलं. तसं झालं नव्हतं. त्या दिवसाचं पहिल्यापासून लिहून बघते, म्हणजे मलाच दिसेल की मी कुठे काय केलं.

दिवाळीनंतर तुझ्या अंगावरून पांढरं जायला लागलं, मधूनच रक्त दिसायला लागलं. तू ते आईला सांगितलंस, आईने मला. आपल्या घरात सून एकटी दवाखान्यात जात नाही, आणि जिला ‘बोलता येतं’ ती बरोबर जाते. ती म्हणजे मी. आईचं तर नेहमीचंच: “बायला घेऊन जा गो, ती वकिलासारखी बोलतंय.” आधी आपण खासगी दवाखान्यात गेलो. तिथे सांगितलं, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, जाळून घ्यावी लागेल, नाहीतर पुढे वाढेल. तुला आठवतं का, तिथे त्यांनी विचारलं होतं, काही गोळ्या चालू आहेत का? तुला विचारलं होतं. तू तोंड उघडलंस आणि मी म्हटलं, “नाही नाही. उलट आम्हाला दुसरं मूल हवंय.”

आम्हाला. मी असं म्हटलं.

मला ते जाळणं बिळणं पटलं नाही, म्हणून मी तुला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनीही तेच विचारलं आणि मीही तेच उत्तर दिलं. त्यांनी तपासणीसाठी तुला पडद्यामागे नेलं. मी बाहेर थांबले. किती वेळ गेला कोण जाणे. परत आत बोलावलं तेव्हा तुझे डोळे ओले होते आणि बाई माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होत्या. त्यांनी तुला विचारलं, “यांच्यासमोर बोलू ना?” तू मान हलवलीस. माझ्यावर विश्वास ठेवून हलवलीस.

मग त्यांनी सांगितलं, ही जखमच नव्हे. पिशवीच्या तोंडाच्या आतलं अस्तर मऊ आणि लालसर असतं, ते थोडं बाहेरच्या बाजूला आलं की तोंड लाल दिसतं. लाल दिसतं म्हणून लोक जखम म्हणतात. कितीतरी बायकांना असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. गरोदरपणात दिसतं, पाळणा लांबवायच्या गोळ्यांवर दिसतं (त्या तू तीन वर्षं घेते आहेस, हे मला तिथे कळलं), पुष्कळदा आपोआप निघून जातं. त्रास नसेल तर हातही लावायचा नाही. त्रास असेल, तुला आहे तसा, तर आधी कॅन्सरची तपासणी करायची, जंतुसंसर्ग नाही ना ते बघायचं. ते करूनही रक्त जात राहिलं तरच पुढचा विचार. घाई नाही. त्यांनी नमुना घेतला तो त्याच तपासणीसाठी.

बाहेर आलो. पायऱ्यांवर तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, “ताई, घरी नको हां.” तेवढंच. आणि औषधाच्या खिडकीपाशी रांगेत जाऊन उभी राहिलीस.

तू रांगेत असतानाच मी भगीरथला फोन लावला.

त्याने रजेचं विचारलंच नव्हतं. फोन मीच केला होता.

ताई


शहापूर, २१ डिसेंबर

काशी,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि वाटलं, आता मोकळं वाटेल. नाही वाटलं. कारण ‘फोन लावला’ एवढंच लिहिलं, का लावला ते लिहिलं नाही.

त्या दुपारी मला आनंद झाला होता, हे खरं आहे. तुला जाळून घ्यावं लागणार नव्हतं, आणि तुला दुसऱ्या डॉक्टरकडे नेणारी मी होते. मी रोज झोपायच्या आधी चार ओळी लिहिते हे तुला माहीत आहे, तू त्यावरून मला चिडवतेस. त्या दिवशी मी लिहिलं आहे: ‘काशीचं ऑपरेशन टळलं. वेळेवर नेलं म्हणून.’ कोणी नेलं ते लिहिलं नाही, पण वाचणाऱ्याला कळावं असं लिहिलं आहे. वाचणारी मीच.

भगीरथला मी म्हटलं, “अरे चांगली बातमी आहे, काही करायचं नाही, नुसत्या गोळ्या बंद केल्या की जाईल.” तो म्हणाला, “कसल्या गोळ्या?” तिथे मला थांबता आलं असतं. अंगदुखीच्या म्हटलं असतं तरी त्याला खरं वाटलं असतं. मी थांबले नाही. आणि काशी, तेव्हा मला आनंद झाला नव्हता. मला राग आला होता. तीन वर्षं तू गोळ्या घेत होतीस आणि मला सांगितलं नाहीस. दर रविवारी माझ्याशेजारी बसून भाकऱ्या करायचीस, मनस्वीच्या शाळेचं सांगायचीस, माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावर हसायचीस, आणि ही एवढी गोष्ट गावात गोळ्या वाटणाऱ्या आशाताईला ठाऊक होती, मला नाही. मी स्वतःला तुझी जवळची समजत होते. त्याचा सूड मी उगवला. एका वाक्यात, फोनवरून, तू औषधाच्या रांगेत असताना.

शिवाय बाईंनी ‘गोळ्या बंद करा’ असं म्हटलंच नव्हतं. आता आठवून बघते तर त्या म्हणाल्या होत्या, गोळ्यांमुळेही असं दिसतं. बंद करायचं मीच ठरवलं आणि तुझ्या नवऱ्याला कळवलं.

पुढे घरात काय झालं ते तुला ऐकावं लागलं, मला नाही. आई बोलली ते मला मनस्वीने सांगितलं, आजीची नक्कल करून: “मी म्हसोबाला नातवासाठी नवस बोलतंय आनि ही गोळ्या गिळतंय! पिशवी सडवली गो हिनं!” मनस्वीला पिशवी म्हणजे दप्तर वाटलं. विचारत होती, आईची कुठली पिशवी सडली.

ताई


शहापूर, २९ डिसेंबर

काशी,

महादूबाबा काल किन्हवलीला आले होते. मीही तेव्हा तिथेच होते. ते ओट्यावर बसले, पाणीही घेतलं नाही, आणि भगीरथला म्हणाले, “जावईबापू, जत्रा झाली की काशीची पिशवी काढतो. भिमीनं काढली त्याच दवाखान्यात. तुमी याचं तर या, नाय तर नका येऊ.”

आई म्हणाली, “काढा. सडली तर ठेवून काय उपेग.”

भगीरथ नखाने ओट्याचा रंग खरवडत बसला.

मी म्हटलं, “हे कोणी ठरवलं?” महादूबाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “काशीनं. सोताच्या तोंडानं बोलली. म्हनते, पिशवीच नाय तर गोळ्या नाय, पोरगा नाय, कुनाचं बोलनं नाय.”

रात्रभर मला तेच ऐकू येत होतं.

काशी, पिशवी काढू नकोस. तू एकतीस वर्षांची आहेस. ज्याला उपचारसुद्धा लागत नाही असं डॉक्टर म्हणतात, त्यासाठी अख्खी पिशवी काढायची? हे करायचं नाही. मी सांगते ते ऐक. ते ऑपरेशन लहान नसतं. भिमीआत्या ‘मोकळी झाले’ म्हणते, पण तिच्याकडे नीट बघ. पिशवी काढली तेव्हा ती तुझ्याएवढीच होती. तेव्हापासून तिची कंबर धरते, आणि ऐन थंडीत ती ओला टॉवेल मानेवर टाकून ओट्यावर बसते, अंगाची आग होते म्हणून. तुझं काम काही न करता भागणार आहे. काहीही करू नकोस, घरी ये, भगीरथला मी समजावते, आईला मी बघते, डॉक्टरबाईंशी मी बोलते. तू फक्त ते ऑपरेशन रद्द कर.

हे पत्र मिळताच कर.

ताई


शहापूर, २ जानेवारी

काशी,

२९ तारखेचं पत्र गेलं. पोस्टातून परत मागता आलं असतं तर मागितलं असतं. त्यात लिहिलेलं खोटं नाही, तरी ते पुन्हा तेच आहे. आधी मी म्हटलं जाळून घे म्हणतात तर दुसरीकडे जाऊ, मग म्हटलं गोळ्या बंद कर, आता म्हणते काही करू नको. माझं मत दर वेळी बदललं. तुला विचारायचं एकदाही सुचलं नाही.

मी दवाखान्यात जाऊन आले. बाईंच्या खोलीबाहेर गर्दी सरेपर्यंत बसले आणि आत जाऊन तुझ्याबद्दल सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

“पेशंट कुठे आहे?”

“माहेरी आहे, मुरबाडकडे. म्हणून मीच आले. ती पिशवी काढायचं म्हणते, तिला मी काय सांगू?”

“तुम्ही काही सांगू नका. तिला पाठवा.”

“पण ती ऐकणार नाही हो.”

“मग मी ऐकेन तिचं,” त्या म्हणाल्या. “रिपोर्ट आलाय तिचा. तो मी तिलाच देणार. तुमच्या हातात नाही देणार.”

वाईट शब्द एकही नव्हता. तरी मी बाहेर येऊन बाकावर बराच वेळ बसून राहिले. रिपोर्टात काय असेल ही भीती एकीकडे, आणि त्यांना माझ्यावर विश्वास नाही हे एकीकडे. दोन्हींत जास्त कशाने लागलं, ते लिहायची हिंमत नाही. तुला कळलं असेल.

ताई


शहापूर, ११ जानेवारी

काशी,

म्हशाला म्हसोबाच्या जत्रेत आपण भेटलो ते तुला माहीतच आहे, त्यात लिहिण्यासारखं काय, असं तुला वाटेल. पण तू बोललीस ते मी नीट ऐकलं की नाही, हे मला पडताळायचं आहे. चुकलं असेल तर सांग.

आई नवसाचा नारळ घेऊन रांगेत होती. मी मनस्वीला घेऊन बैलबाजाराच्या बाजूने येत होते. घोंगड्यांच्या दुकानापाशी मनस्वीने हात सोडला आणि पळाली. तुला तिने आधी बघितलं. भिमीआत्या तुझ्याबरोबर होती, गळ्यात ओला टॉवेल. तू मनस्वीला उचललंस, ती आता उचलण्याएवढी राहिली नाही तरी. तिच्या वेण्या सोडल्यास आणि तिथेच उभ्या उभ्या पुन्हा घातल्यास.

मी म्हटलं, “काशी, माझी पत्रं मिळाली?”

तू म्हणालीस, “मिलाली. आता पाकिटात येतात.”

भिमीआत्या हसली. म्हणाली, “हिची पत्रं म्हंजे पोथी हाय. सपतच नाय.”

मी पुन्हा तेच सुरू केलं. ऑपरेशन, वय, डॉक्टर. तू वेणीचा शेवटचा पेड घातलास, रिबीन बांधलीस, आणि म्हणालीस, “ताई, तुमी माझ्या तोंडाच्या पन मालकीण झाल्या काय?”



मग तू म्हणालीस, “मी गोळ्या का घेत व्हती, ते कुनी इचारलं? तुमी तरी इचारलं?”

मी म्हटलं, “का घेत होतीस?”

“तुमी व्हत्या की गाडीत.”

आणि मग मला ती गाडी आठवली. मनस्वी झाली त्या वेळी तुझं रक्त थांबत नव्हतं. मुरबाडहून कल्याण, कल्याणला जागा नाही म्हणून ठाणं. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझी साडी तुझ्या रक्ताने भिजली होती, आणि ड्रायव्हर सारखा म्हणत होता, बोलत ठेवा त्यांना, झोपू देऊ नका. मी तुला काहीबाही विचारत होते. तू म्हणालीस, “ताई, परत नाय हां. परत नको.” मी म्हटलं, “नाही, परत नाही.” वचन दिल्यासारखं म्हटलं. चौथ्या दिवशी तुला घरी आणलं आणि मी आईला सांगितलं, सगळं नीट झालं. भगीरथला सांगितलं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्यांना काळजी नको म्हणून. त्यामुळे घरात ते कोणालाच कधी कळलं नाही. आणि पोरीला तीन वर्षं झाली, चार झाली, आता दुसरं होऊ दे, असं सगळे म्हणायला लागले तेव्हा त्यांच्यात मीही होते.

तुझं रक्त अंगावर घेऊन मी घरी आले आणि विसरले. तू विसरली नाहीस, एवढंच. गोळ्या तू माझ्यापासून लपवल्या नव्हत्यास. मला कारण ठाऊकच होतं.

हे सगळं तिथे, घोंगड्यांच्या दुकानापाशी, मला बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, की बाई म्हणाल्या आहेत, रिपोर्ट तुलाच देणार. पिशवी ठेवायची की काढायची, ते तूच त्यांना विचार. मी बाहेर बसेन. नाहीतर येणारच नाही.

तू म्हणालीस, “बघू.” आणि मनस्वीला उसाचा रस पाजायला घेऊन गेलीस. मी मागे आले नाही. आईचा नारळ फुटला का, हेही मी विचारलं नाही. भगीरथला मात्र त्या संध्याकाळी त्या गाडीबद्दल सांगितलं. एवढं एक तरी मला सांगायचंच होतं, तुझं नसून माझं म्हणून: की मी त्याला खोटं सांगितलं होतं, सगळं नीट झालं नव्हतं, तू मरता मरता वाचलीस. तो उठून अंगणात गेला. बराच वेळ आत आला नाही.

यातही मी तुझी काही गोष्ट फोडली असेन तर मला माफ करू नकोस.

ताई


शहापूर, २३ जानेवारी

काशी,

हे शेवटचं. तू आज निघताना म्हणालीस ना, “आता पत्र नका लिवू, काय सांगायचं तर या.” तरी एक लिहिते, कारण तू गेल्यावर जे झालं ते तुला ठाऊक नाही, आणि ते तुझ्याबद्दल आहे. तुझ्याबद्दलचं तुला आधी कळायला हवं.

तू नथूच्या जीपमधून उतरलीस तेव्हा मी स्टँडवर होते. तुझ्या हातात काही नव्हतं, पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही. तू दवाखान्यापर्यंत एक शब्द बोलली नाहीस. खोलीच्या दारात मी सवयीने पुढे झाले. तू हात आडवा केलास.

“तुमी भायेर बसा.”

मी बसले. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी होती, सुनेला घेऊन आलेली. ती मला म्हणाली, “तू नाय गेली आत? तिला बोलता येतं का?” मी म्हटलं, “येतं.”

दाराला पडदा होता. तुझा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तू खूप बोलत होतीस. इतकं बोलताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं. एकदा बाई हसल्या, एकदा तू. मी कान देऊ नये म्हणून समोरच्या भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत बसले. तरी कान तिकडेच होते, हे लपवत नाही.

तू बाहेर आलीस आणि माझ्यासमोर उभी राहिलीस. मी काही विचारलं नाही. ते मला किती कठीण गेलं ते तुला दिसलं असणार, कारण तू थोडी हसलीस.

“रिपोर्ट चांगला हाय,” तू म्हणालीस.

मला रडू आलं. तू मला रडू दिलंस, हात लावला नाहीस.

“पिशवी ऱ्हातंय,” तू म्हणालीस. “भिमीआत्याला सांगते मी. त्या लालीचं काय करायचं, कधी करायचं, का सोडून द्यायचं, ते बाईनं सांगितलंय. गोळ्यांचं पन सांगितलंय. माझं ठरलंय. पन ते तुमाला सांगनार नाय.”

मी म्हटलं, “नको सांगू.”

“भगीरथला पन मीच सांगेन. सांगावसं वाटलं तर.”

“हो.”

“मनस्वीला रविवारी जीपमधे बसवून द्या. नथूला सांगलंय मी.” मग तू थांबलीस आणि म्हणालीस, “आनि वेण्या नका घालू. मोकले केस पाठवा. मी घालीन.”

तू घरी कधी येणार, हेही मी विचारलं नाही. जीप निघताना तू मागे बघितलं नाहीस. त्याचा राग नाही. तू मला माफ केलंस असं मी कुठे लिहिणार नाही, कारण तसं तू म्हणाली नाहीस.

संध्याकाळी भगीरथचा फोन आला. कंपनीच्या गेटवरून करत होता, मागे गाड्यांचा आवाज होता.

“ताई, गेली व्हती ना ती? काय बोलली डॉक्टर?”

“मला माहीत नाही.”

“म्हंजे? तू व्हतीस ना?”

“मी बाहेर होते.”

“मग काढायची का पिशवी? जालायचं का? गोळ्या बंद का चालू? काय तरी सांग ना.”

रिपोर्ट चांगला आहे, पिशवी राहतेय, एवढं तर मला ठाऊक होतं. माझ्या जिभेवर होतं. भाऊ आहे, महिनाभर नीट जेवलेला नाही, दोन शब्दांनी त्याचा जीव खाली पडला असता.

“काशीला विचार,” मी म्हटलं.

“ती फोन बंद ठेवते.”

“आज चालू आहे. मुरबाडच्या पुढे रेंज जाईल. लगेच लाव.”

 गाड्या जात होत्या. मग लहान असताना शाळेत जायच्या आधी विचारायचा तशा आवाजात त्याने विचारलं, “ताई, पन तिला काय इचारू? कसं इचारू?”

ते वाक्यसुद्धा माझ्याकडे तयार होतं, काशी. अगदी शब्दन् शब्द.

मी फोन ठेवला.

ताई

(पाकीट डिंकाने चिकटवलं आहे.)